बरणीवाल्याची जागा

फुप्फुसांच्या दुखण्यातून उठलेल्या धाकट्याने आपली क्लॅरिनेट पेटीत बंद करून ठेवली होती. पुन्हा वाजवता येईल का, या प्रश्नावर डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले होते.

त्याचे मन रमावे म्हणून ताईने जुन्या बाजारातून ग्रामोफोनची एक तबकडी आणली. तीत व्हायोलिन होते, बँजो होता, कपडे घासायच्या पत्र्याची खरखर होती आणि तळाशी रिकाम्या बरणीत फुंकून काढलेला घुमारा.

"बरणी वाजवतात? मग आपलं स्वयंपाकघर म्हणजे अख्खा वाद्यवृंदच की रे!" ताई हसली.

गाण्यात मध्येच बरणी थांबली. बाकीची वाद्ये मात्र कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी एकाच ठेक्यावर रेंगाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तबकडी फिरत असताना त्या रिकाम्या जागी धाकट्याने चिनी मातीची बरणी तोंडाजवळ धरली आणि भीत भीत फुंकले. घुमारा निघाला, शेवटी छातीत बारीक शीळ वाजली.

तिसऱ्या दिवशी त्याने नुसतीच तबकडी लावली. रिकामी जागा भरलेली होती, आणि घुमाऱ्याच्या शेवटी तीच शीळ.

"अरे, हा तर तुझा श्वास," ताई पुटपुटली.

गाणे संपले. सुई तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागावर फिरू लागली. तिथे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचे ऐकू आले, कुणीतरी पायाने ठेका धरला. मग अगदी जवळ कुणीतरी खोल श्वास घेतला.

त्यात शीळ नव्हती.

धाकट्याने बरणी उचलली आणि त्या ठेक्यावर तोंडाशी धरली.