शिकाऊ उमेदवार

"पदवीला एकशे बत्तीस क्रेडिट लागतात. तुमचे चार कमी पडतात," क्लार्कने खिडकीतून माझी गुणपत्रिका परत सरकवली. "प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षणाचे."

"अहो, बावीस वर्षं याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे मी. पोरांना उपकरणं हातात धरायला कोण शिकवतं?"

"ती नोकरी झाली. प्रशिक्षण वेगळं. एकशे वीस तास भरा, प्रशिक्षकाची सही आणा. पदवीशिवाय बढती नाही."

प्रशिक्षक कोण, तर नुकतेच लागलेले सर. विद्यार्थी असताना या महाशयांनी ॲसिडात पाणी ओतलं होतं. मी मागे खेचलं म्हणून डोळे शाबूत राहिले.

मग महिनाभर मी रोजच्याच बाटल्या धुतल्या आणि हजेरीच्या वहीत 'शिकाऊ' म्हणून सही केली. तेवढ्या दिवसांत प्रशिक्षकांनी मला एकच गोष्ट विचारली, "काका, गॅसची चावी कुठल्या बाजूला फिरवायची हो?"

शेवटच्या दिवशी ते प्रमाणपत्र घेऊन ओट्याशी ओशाळून उभे राहिले. "काका, शेरा काय लिहू?"

"लिहा, उमेदवाराला अजून देखरेख लागते," मी म्हणालो आणि त्यांची बाही पेटत्या बर्नरवरून बाजूला केली.