केल आणि तीन डबे

वझेकाकांनी गॅलरीतल्या कुंडीतून कुरळ्या केलची, म्हणजे कोबीच्या जातीतल्या त्या परदेशी पालेभाजीची, पानं खुडली आणि स्टीलच्या डब्यात भरली. डब्यावर अजून काकूंचंच नाव होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती.

काकांना स्वतःला केल मुळीच आवडायची नाही. पण कुरळी दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीला चिप्ससाठी लागायची, जांभळी तिसऱ्या मजल्यावरच्या शेखबाईंना थालीपिठात, आणि लांब काळपट पानांची चौथ्या मजल्यावरच्या डाएटवाल्या मुलीला. तीन जाती, तीन डबे, तीन दारं. शिवाय डबा रिकामा कोण परत करतं? कधी त्यात शिरा यायचा, कधी नुसती साखर. पण डबा घेऊन कुणीतरी यायचं, घटकाभर बसायचं.

आज रेवतीने पानं काढून घेतली आणि रिकामा डबा दारातच त्यांच्या हातात दिला.

"काका, आता जिने चढायचे नाहीत हं. आम्ही खाली गेटपाशी टोपली ठेवलीय. जुड्या त्यात ठेवत जा, आम्ही आपापली उचलू. डब्यांची भानगडच नको!"

"बरी सोय केलीत," काका म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी टोपलीत तीन जुड्या ठेवल्या. संध्याकाळी टोपली रिकामी होती. सोसायटीच्या ग्रुपवर तीन अंगठे आले. बेल काही वाजली नाही.

काकांनी चष्मा लावला आणि ग्रुपवर लिहिलं, "माझा एक डबा कुणाकडे राहिलाय का? जरा बघा. मी घरीच आहे."

तिन्ही डबे समोरच्या मांडणीवर पालथे घातलेले होते.