पन्नास वेळा अहो

"एकशे ब्याऐंशी," असं पुटपुटत सुनेनं लॅपटॉपचं झाकण मिटलं, दहा आकडे मोजले, उघडलं आणि पडदा नीट उजळेपर्यंत थांबून कळ दाबली.

"अहो," लॅपटॉप सपाट सुरात म्हणाला.

झोपेतून उठला की मुका होतो म्हणे! एकशे ब्याऐंशी वेळा झोपवून उठवला, एकदाही मुका होईल तर शपथ.

समोर सासूबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून त्या टाइप करायच्या आणि लॅपटॉप बोलायचा. 'अहो' तर दिवसातून इतक्यांदा लागायचं की सुनेनं त्याला वरच्या कोपऱ्यात वेगळी कळच दिली होती. पण झाकण मिटून परत उघडलं की बऱ्याचदा यंत्राची दातखीळ बसायची, ती पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुटायची नाही. मागच्या रविवारी सोसायटीच्या सभेत तेच झालं. तळमजल्यावरची वाचनाची खोली काढून तिथे गाड्या लावायच्या, या ठरावाविरुद्ध बोलायला त्या उभ्या राहिल्या आणि लॅपटॉप ढिम्म. "असू द्या काकू, बसा," सेक्रेटरी म्हणाले. तीस वर्षं वर्गच्या वर्ग गप्प करणारी मास्तरीणबाई निमूट खाली बसली.

आज पाच वाजता त्या ठरावावर मतदान होतं. "आजही मुका झाला तर पुन्हा हात लावणार नाही," असं त्यांनी सकाळीच वहीत लिहून सुनेपुढे धरलं होतं. आता तीन वाजले होते.

सुनेला दुप्पट लाज वाटत होती. लॅपटॉप तिच्याच कंपनीचा, आणि त्यातल्या आवाजाच्या चिपला झोपेतून उठवणारा प्रोग्रामही तिनंच लिहिलेला.

"माझ्या हातात बोलतो आई, मग तुमच्यावरच का रुसतो?"

सासूबाईंनी अशी नजर टाकली की सुनेनं जीभ चावली आणि लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात सासरे बाहेरून आले. चिखलानं भरलेल्या चपलांसकट, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, थेट खिडकीपर्यंत. सासूबाईंनी लॅपटॉपवर झडप घातली. झाकण जेमतेम चार बोटं वर केलं, आत हात घातला आणि 'अहो'ची कळ दाबली.

चिडीचूप.

"वाचलो," सासरे म्हणाले.

सून ताडकन उठली. "बाबा, बाहेर जा! तस्सेच चपला घालून परत या!"

"अगं, पण ही मला..."

"जा ना बाबा, पाया पडते तुमच्या!"

लॅपटॉप बंद करून चालू केला, झाकण मिटलं. सासरे आले, चिखल आला, सासूबाई तुटून पडल्या, लॅपटॉप मुका. आणखी एकदा, पुन्हा मुका. सुनेला नाचावंसं वाटलं. झाकण उघडल्यावर त्या चिपला नीट जागं व्हायला दीड सेकंद लागायचा. ऑफिसात तपासणारे सगळे तिच्यासारखेच सोज्वळ, पडदा उजळेपर्यंत थांबून मगच कळ दाबणारे. रागावलेलं माणूस थांबत नाही, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. अर्धवट झोपेतल्या चिपला हुकूम कळायचाच नाही आणि प्रोग्राम बापडा तिच्या उत्तराची वाट बघत ताटकळायचा.

तिनं आठ ओळी लिहिल्या. चिप जागी झाली का ते आधी विचार, आणि तोवर आईंचं म्हणणं जपून ठेव.

चार वाजता सासूबाईंनी झाकण चार बोटं उचललं, हात आत घातला. एक सेकंद गेला. आणखी अर्धा.

"अहो."

"ओ!" सासरे आतल्या खोलीतून ओरडले आणि अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत धावत आले. सासूबाईंनी तोंडावर हात धरला होता. त्या हसत होत्या, खांदे गदागदा हलत होते.

"एकदा बोलला म्हणून भागत नाही," सून म्हणाली. "आमच्याकडे पन्नासदा चालल्याशिवाय दुरुस्त म्हणत नाहीत. दर वेळी 'अहो' आणि पुढे एक वाक्य. आणि आई, रागानंच उघडायचं हं."

"त्याला मी आहे की," म्हणत सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मग काय विचारता! "अहो. ओला टॉवेल पलंगावर." "अहो. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर." "अहो. घोरता तुम्ही आणि नाव माझं." सून वहीत रेघा ओढत होती. सासरे दर वेळी "मान्य" म्हणत होते. तेविसाव्याला मात्र ते उसळले. "अहो. लग्नात माझ्या काकांना फोटोग्राफर समजलात."

"गळ्यात कॅमेरा होता त्यांच्या!"

पावणेपाचला एकोणपन्नास रेघा झाल्या. सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या, लॅपटॉप चपलांच्या कपाटावर ठेवला. झाकण चार बोटं वर, हात आत.

"अहो."

सासूबाईंची बोटं थांबली. चुका संपल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, अर्ध्याच दाढीच्या नवऱ्याकडे बघितलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबलं.

"तसे तुम्ही वाईट नाही," लॅपटॉप म्हणाला.

सासरे डोळे पुसत ओरडले, "सूनबाई, धाव गं! परत बिघडलं बघ!"