बायपास लाइनवरचा व्हिडिओ

"जरा मागं घेते," अनुराधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टॅबवरचा व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ परत धावू लागले. डावीकडं पत्र्याची घरं, उजवीकडं पाण्याची निळी टाकी, मग वळण. चालवणारा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. "सिग्नल हिरवा... पक्का!"

सूर्यभाननं आवाज लगेच ओळखला. हा 'पक्का' मूळचा त्याचा. बत्तीस वर्षं मालगाडी चालवताना प्रत्येक सिग्नलला तो असाच ओरडायचा. हाताखाली शिकून गेलेल्या पोरांपैकी एकानंच ही खोड उचलली होती. धम्मदीपनं.

ड्युटीवर इंजिनात मोबाइल चालू ठेवायचा नाही, हा साधा नियम. आणि हे येडं चक्क व्हिडिओ काढून बसलं होतं! कुठल्याशा व्हिडिओवरून त्याची चौकशी लागलीय, एवढं सूर्यभानच्या कानावर आलं होतं. दर रविवारी जेवायला येणारा पोरगा तीन आठवडे फिरकला नव्हता, फोनही उचलत नव्हता. घाबरला असणार बिचारा. आणि आज भरदुपारी रेल्वेच्या चौकशी अधिकारी म्हणून या पुण्याच्या बाई जामबाग मोहल्ल्यातल्या घरी हजर.

सुरुवात मात्र त्यांनी गोड केली होती.

"बेगम बाजारात मिरची-हळदीचे एवढे ट्रक शिरतात. तो माल रेल्वेनं का नाही आणत?"

झालं. म्हाताऱ्याला हेच पाहिजे होतं. शहराच्या मधल्या लाइनीवर पॅसेंजर गाड्यांचीच गर्दी कशी, सिमेंटची न् खताची गाडी बायपासनं शहराला वळसा कशी घालते, तिथंही तासन्तास कशी उभी राहते, सगळं त्यानं अर्धा तास सांगितलं. "मालगाडी म्हणजे घरातली धाकटी सून, मॅडम. सगळ्यांची जेवणं झाली की तिचं ताट."

"म्हणजे बायपास लाइन तुम्हाला पाठ आहे."

"डोळे बांधा, तरी नेतो."

तेव्हा कुठं बाईंनी बॅगेतून टॅब काढला होता. सूर्यभाननं मनातल्या मनात स्वतःच्या जिभेला चार शिव्या घातल्या.

"ही तीच लाइन ना?" आता त्यांनी विचारलं.

"काय की. रूळ सगळीकडं सारखेच."

"ही निळी टाकी?"

"अशा टाक्या गल्लोगल्ली हैत, मॅडम."

सरुबाई चहा घेऊन बाहेर आली, तेवढ्यात व्हिडिओतला आवाज पुन्हा घुमला. तिचा चेहरा एकदम खुलला. "अगं बाई, हा तर आपला..."

"सरू, चहा उतू चाललाय बघ!"

चहा तिच्या हातातल्या ट्रेमध्येच होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, "अय्यो, हौ की," म्हणाली आणि ट्रे घेऊन तशीच आत गेली.

अनुराधाबाईंनी जाणाऱ्या ट्रेकडं पाहिलं. "आपला कोण?"

"टीव्हीवरचा कुणी वाटला असल तिला."

"सूर्यभानजी, घाई नाही. नीट आठवा. धम्मदीप चार वर्षं तुमचा असिस्टंट होता."

"होता. चांगला पोरगा. पण हा आवाज त्याचा नाही."

"आणि लाइन?"

सूर्यभानला घाम फुटला होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि लाजही वाटत होती. पण धम्मदीपला बाप नव्हता. परभणीला त्याची आई, गंगूमाय, त्याच्याच पगारावर दिवस काढत होती. पोराला आपण नाही झाकायचं तर कुणी?

"बायपास नाही ही," तो ठासून म्हणाला. "आमच्याकडं या वळणावर सिग्नल उजव्या हाताला. इथं डावीकडं दिसतोय. दुसऱ्याच कुठल्या शहरातली लाइन हाय."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? हयात घातली मी तिथं."

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. "वाचून सही करा. यानंतर यात बदल करता येत नाही."

त्यानं सही केली. सही नेहमीसारखी झोकदार आली, याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. सरुबाई तोच चहा पुन्हा गरम करून घेऊन आली.

मोकळं वाटल्यावर त्याचं तोंडही सुटलं. "एक बोलू का मॅडम? एवढ्याशा मोबाइलपायी गरिबाच्या पोराची नोकरी जायला नक्को."

"मोबाइलचं त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केलं," अनुराधाबाई कागद फायलीत ठेवत म्हणाल्या. "एका वर्षाची पगारवाढ गेली, विषय मिटला. हा व्हिडिओसुद्धा त्यानंच आणून दिलाय."

सूर्यभानचा कप तोंडाशीच राहिला. "मग चौकशी कशाची?"

"साक्ष व्हायच्या आधी सांगता येत नाही, आता सांगते. बायपासवरच्या या वळणावर त्यानं लाल सिग्नल असताना गाडी पुढं नेली, असा आरोप आहे. यात नोकरी जाते. तो म्हणतो, हिरवा होता, व्हिडिओ बघा. आरोप करणारे म्हणतात, हा व्हिडिओ बायपासचा नाहीच. हे वळण ओळखणारं कुणीतरी हवं होतं."

आत जायला निघालेली सरुबाई दारातच थांबली.

"साक्षीदाराला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, ही अटही त्यानं तीन आठवडे पाळली." बाई उठल्या, चपला पायात सरकवल्या. "खरं तर त्याला तीन साक्षीदार देता आले असते. त्यानं एकट्या तुमचंच नाव दिलं."