थेंबभर पाणी

"फोनमध्ये पाणी गेलंय असं लिही," दुकानमालक म्हणाला. दुकानात दुरुस्तीचं काम करणाऱ्या दामोदरने तो रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त करून पुन्हा विकलेला, फोन उघडून पाहिला होता. आत थेंबभरही पाणी नव्हतं, बॅटरीच सदोष होती. तरी त्याने तसं लिहिलं, आणि वॉरंटीतली दुरुस्ती नाकारली गेली.

आठवड्याभरात तो फोन घेतलेला माणूस शेतात एकटाच कोसळला. फोन बंद, त्यामुळे मदतीला कुणाला बोलावता आलं नाही, आणि तो तिथेच गेला. त्याची बायको ग्राहक आयोगात गेली.

"भरपाईचं राहू द्या," सुनावणीआधी ती दामोदरला म्हणाली. "फोन भिजवला नाही, असं आमचे हे शेवटपर्यंत सांगत होते. मी त्यांनाच खोटं ठरवलं. तुम्ही खरं काय ते सांगा."

दामोदरने मालकाकडे पाहिलं. "पाणी गेलं होतं," तो आयोगासमोर म्हणाला.

बाहेर ती त्याच्यापाशी थांबली. "बरं झालं सांगितलंत, दादा. म्हणजे खोटं आमचे हेच बोलत होते."