समुद्र दिसतो तो कडा

पलटणीतून रिटायर झालेले हंबीरराव पर्यटकांना जंगलातल्या पायवाटेनं कड्यावर नेतात आणि खाली कोकणाकडं बोट दाखवतात. "ती निळी पट्टी दिसती न्हवं? त्योच समुद्र." माणसं फोटो काढतात आणि खूश होऊन उतरतात.

काल कुंडलची शिवांजली सासूला घेऊन आली. बनुबाईंनी सत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. दोन तास गुडघे धरत त्या वर चढल्या, कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ त्या निळ्या पट्टीकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी हात जोडले.

"दिसला का, आत्या?" सुनेनं विचारलं.

"दिसला की. लय मोठा हाय गं."

सून फोटो काढायला पुढं गेली, तशा बनुबाई हंबीररावांजवळ सरकल्या.

"आवं, आमच्या मळ्यातल्या शेततळ्यालाबी असलाच निळा प्लास्टिकचा कागद अंथरलाय. तुमच्या समुद्राचा कागद काठाला उघडा पडलाय बगा. त्या तळ्याच्या मालकाला सांगून पाणी भरून घ्या. मंगळवारी मी भजनातल्या समद्या बाया घेऊन येनार हाय."