पूलमधलं कॅल्शियम

कॅल्शियम कमी असलेलं पाणी पूलचा गिलावा खातं, म्हणून आजोबा महिनाभर घरच्या स्विमिंग पूलमध्ये कॅल्शियम ओतत होते. पण रोज सकाळी तपासणीच्या पहिल्याच थेंबाला पाणी निळं व्हायचं, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम पुन्हा शून्य. गळती तर कुठेच नव्हती.

वर नात पाय मोडून पडली होती. तिचं हाड काही केल्या जुळत नव्हतं.

आज मात्र पाण्यातलं कॅल्शियम पुरेसं निघालं, आणि दुपारी डॉक्टरांचा फोन आला, हाड जुळलं! सुनेने डोळे पुसले. आजोबांच्या जिवात जीव आला. ते धावतच वर गेले.

"ठाऊक आहे," नात हसली. "आता पाण्यात काही टाकू नका, आजोबा. पुरे म्हणाली ती."

"कोण?"

"पूलमधली. तिची तर सगळीच हाडं जुळली."